एमेलीचे चर

माझी सायमीमावशी दर जूनमध्ये चिंध्यांच्या सतरंज्या ओढ्यावर नेऊन घासायची. घरामागच्या जंगलातला हा ओढा इतका नितळ, की तळाचे खडे मोजून घ्यावेत. पुढे वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने, एमेलीने, पाइन वाढवायला आपली दलदल सुकवायची म्हणून तिच्यात चर खणले आणि तिचं पाणी उतरून ओढा हळूहळू तांबूस होत गेला. मग एका शरदात त्याने तेच चर यंत्राने पुन्हा उकरून घेतले. पुढच्या जूनपर्यंत ओढा कॉफीसारखा झाला, खडे गाळाखाली गेले. मावशीची पांढरी सतरंजी धुऊन उलट तपकिरी झाली.

ती ओली सतरंजी सायकलवर टाकून मावशी तडक एमेलीकडे निघाली. सायकल मी ढकलत होते.

"ओळखतोस ही?" तिने विचारलं.

एमेलीने कडेची वीण चाचपली. ती त्याच्या बायकोने, लायनाने, मावशीच्या लग्नात विणून दिली होती. लायनाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"पांढरी होती," तो म्हणाला.

"होती."

त्याने कॉफी ठेवली, पण प्यायला बसला नाही. "चला, काहीतरी दाखवतो."

दलदलीत तीस वर्षांचे पाइन उभे होते, मनगटाएवढेसुद्धा जाड नव्हते. "लायना म्हणायची, इथं बेरी पिकतात, त्याच पिकू देत. मी ऐकलं नाही." मग तो मावशीकडे वळला. "तू तरी आधी बोलायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

त्याने जरा विचार केला. "नाही."

मावशीला हसू आलं. त्यालाही.

ऑगस्टमध्ये त्याने तेच यंत्र बोलावून ओंडक्यांनी आणि मातीने चर बुजवले. पाणी लगेच सुधारलं नाही. पहिल्या वर्षी तर आणखी गढूळ झालं, आणि एमेली तोंड चुकवू लागला. शेवटी मावशीनेच त्याला निरोप धाडला, फावडं घेऊन ये म्हणून. दोघं गुडघाभर पाण्यात उतरून खड्यांवरचा गाळ ओढू लागले. त्याची कंबर आखडली की मावशी त्याला म्हातारा म्हणायची. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

यंदा पाणी फिक्या चहासारखं आहे. मासे अजून आलेले नाहीत. दलदलीत मात्र पाइन सुकताहेत आणि मधूनमधून बेरीची पांढरी फुलं दिसतात. एमेली ती तोडू देत नाही, मावशीलासुद्धा नाही.