बाईंचा उंदीर

गणिताच्या बाई वर्गात रोज एक चूक करायच्या, आणि ती ठरवून करायच्या. फळ्यावर उदाहरणं सरळ सोडवत जायचं आणि मध्येच एखाद्यात एक पायरी बिघडवून ठेवायची. मुलं त्याला उंदीर म्हणत. उंदीर ज्याला दिसेल त्याने हात वर करायचा, का चुकलं ते सांगायचं आणि स्वतः येऊन फळा पुसायचा. बाई कधी सोडतील याचा नेम नसे, म्हणून पोरं डोळ्यांत तेल घालून बघत बसायची. हे बाईंना कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलेलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्या एकदा खरंच चुकल्या होत्या, आणि मागच्या बाकावरच्या मुलीने ते पकडलं तेव्हा पेंगणारा वर्ग खाडकन जागा झाला होता.

यंदा संस्थेने वर्गावर्गात पडदे लावले, मुलांच्या हाती टॅब दिले आणि छताच्या कोपऱ्यात कॅमेरे बसवले. पुढच्या वर्षी गणित पडद्यानेच शिकवायचं असं घाटत होतं. वर्गात मोठं माणूस लागणार होतं, पण नुसतं बसायला. त्या जागेला ‘वर्गसोबती’ असं गोंडस नावही ठरलं होतं. बाईंनी हरकत घेतली.

“एक तास घेऊन दाखवा, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “संस्थेची माणसं येऊन बसतील. त्यांना पटलं तर सातवी तुमच्याकडेच राहील. शब्द देतो.”

मुख्याध्यापक बाईंच्याच हाताखाली शिकलेले. ते सातवीत असताना बाईंनी एकदा फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं होतं. वरचे वर, खालचे खाली, सरळ बेरीज. तेव्हा हा सवयीने स्वतःच्याच कानाची पाळी ओढत उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, अर्ध्यात अजून घातलं नि अर्ध्याहून कमी झालं? मग सांडलं कुठे?” पुढे कित्येक वर्षं बाई हे नव्या वर्गांना सांगत आल्या होत्या.

“तोच उंदीर सोडते उद्या,” संध्याकाळी भाजी निवडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याची हयात एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात गेली होती.

“अगं, परीक्षा तुझी, आणि तू चुकून दाखवणार?”

“मुलं ती शोधतात, अहो. तेच तर दाखवायचंय.”

“आमच्याकडेही चुका शोधायला माणसं होती,” तो शेंगेचा दोरा काढत म्हणाला. “मग मशीन आलं. चुका अजून आहेत, माणसं तेवढी गेली. बघ बाई तुझं तू.”

दुसऱ्या दिवशी संस्थेची दोन माणसं मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. शेजारी मुख्याध्यापक. तास छान रंगला. मग बाईंनी लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, आणि खडू ठेवला.

वर्गाने ते टॅबवर उतरवून घेतलं.

बाई थांबल्या. दुसऱ्या बाकावरची वेणीवाली, वर्गातली सगळ्यात तल्लख पोर, मान वर करून फळा बघत होती. तिने पेन हलवलं, मान पुन्हा खाली गेली.

“नीट बघा हं,” बाई म्हणाल्या. इतकं त्या कधीच सांगत नसत.

कुणी हललं नाही. बाईंनी मागे पाहिलं. मुख्याध्यापक फळ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात कानाच्या पाळीवर होता. बाईंची नजर आपल्यावर आहे हे कळलं तसा त्यांनी तो खाली घेतला आणि पाहुण्यांकडे वळून पंख्याबद्दल काहीतरी विचारलं.

तेवढ्यात पडद्यावर लाल चौकट उमटली. ‘पायरी चुकली आहे. योग्य उत्तर: पाच षष्ठांश.’ सगळ्या वर्गाने एकदम खोडलं आणि एकदम लिहिलं.

“हे झकास आहे,” एक पाहुणे म्हणाले. “लगेच पकडलं.”

तास सुटल्यावर बाईंनी वेणीवालीला थांबवलं. “तुला नाही दिसला?”

“दिसला की, बाई.”

“मग हात का नाही वर केलास?”

पोरीला प्रश्नच समजला नव्हता. “पडदा सांगणारच होता ना,” ती म्हणाली आणि दप्तर उचलून मैत्रिणींमागे गेली.

मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे होते. पडद्याने केलेला तासाचा अहवाल त्यांच्या मोबाइलवर येऊन पडला होता: शिक्षकाची चूक – एक; विद्यार्थ्यांचा सहभाग – नगण्य.

“तुला तर माहीत होतं रे,” बाई म्हणाल्या. वर्षानुवर्षं त्या त्यांना चारचौघांत सर म्हणत आल्या होत्या. आज ते राहिलं.

“माहीत होतं, बाई. पण मी बोललो असतो तर काय सिद्ध झालं असतं? तुमचा जुना विद्यार्थी हुशार आहे, एवढंच.” त्यांनी मोबाइल खिशात टाकला. “आजची मुलं नाही बोलली.”

ते बरोबर होतं, आणि तेच वाईट होतं.

नव्या वर्षी बाई वर्गसोबती झाल्या. खुर्ची खिडकीशी. पडद्यावर अपूर्णांकांचा धडा लागला आणि पडद्यावर बाईच आल्या, पाहुण्यांसमोर घेतलेल्या त्या तासाच्याच साडीत. कॅमेऱ्यातल्या तासांचेच धडे बनवले होते. “मला मशीनने घरी बसवलं. तुझ्या जागी तुझाच फोटो आला, पण तुला निदान खुर्ची तरी दिलीय,” असं नवरा म्हणाला होता, पण हसला नव्हता.

पडद्यावरच्या बाईंनी लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर पाच षष्ठांश. अक्षर हुबेहूब त्यांचंच. खडू ठेवून थांबणं तेवढं कापून टाकलं होतं. पुढचं उदाहरण लगेच आलं.

खिडकीशी बसलेल्या बाई मात्र सवयीने थांबल्या. वर्गावरून नजर फिरवत वाट बघत राहिल्या. आणि खरंच, शेवटच्या बाकावर एक हात वर झाला.

“बोल,” बाई अर्धवट उठत म्हणाल्या.

“बाई, चार्जिंग संपलं.”

बाईंनी कपाट उघडून त्याला चार्जर दिला.