साहेब भुंकला नाही

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. बाबा सिनेमासाठी कुत्री शिकवायचे आणि साहेब त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. माझ्यापेक्षाही हुशार, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. हात उघडला की भुंकायचं, मूठ वळली की गप्प. तोंडाने शब्द काढावा लागत नसे. बघून बघून या खुणा मीही शिकले होते.

साहेबाला पहारेकऱ्यांच्या कुत्र्याचं काम मिळालं, त्या सिनेमात एक कुटुंब हुकूमशहाच्या देशातून पळून जातं, ट्रकमध्ये बटाट्यांच्या पोत्यांमागे लपून. सरहद्दीच्या चौकीवर पहारेकऱ्यांचा कुत्रा भुंकतो, गोळीबार होतो आणि आई मरते, असं कथेत लिहिलं होतं. मुलीचं काम करणारी पोर तापाने फणफणली, म्हणून ऐनवेळी मला पोत्यांत कोंबलं. मी सात वर्षांची होते. बाबांबरोबर मी रोज सेटवर असायची आणि आईचं काम करणाऱ्या बाई माझी वेणी घालायच्या. माझी स्वतःची आई मला आठवतही नव्हती. बाईंचं मरण खोटंखोटं आहे हे मला ठाऊक होतं, तरी ते अजिबात पटलं नाही. मी पोत्यांच्या फटीतून साहेबाला मूठ दाखवली.

साहेब गप्प. वर शेपूट हलवतोय. कॅमेऱ्यामागे बाबा हात उघडून उघडून दमले, पण माझी मूठ त्याच्या नाकासमोर होती. सात वेळा दृश्य घेतलं, सातही वेळा तेच. दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाले, "कुत्रा शिकवलाय की लाडावलाय?" शेवटी त्यांनी वैतागून कथाच बदलली. सगळं कुटुंब सुखरूप सुटलं आणि सिनेमा धो धो चालला. बाबांचं नाव मात्र नावांच्या यादीतून उडालं आणि पुढे कोणी त्यांना कामाला बोलावलं नाही.

मग बाबांनी परगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायचं काम काढलं. ते छान चाललं, आज मीच चालवते, तक्रार काही नाही. पण साहेबाचा फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवून ट्रंकेत टाकला. साहेब गेला त्या दिवशीही तो बाहेर आला नाही. मला ते फार खुपायचं. दरवेळी खरं सांगायचं ठरवायची आणि दरवेळी शेपूट घालायची. पडद्यावर मूठ दिसायची, पण इतकी धूसर की सगळ्यांना ती बटाटाच वाटायची.

गेल्या रविवारी तो सिनेमा नव्याने साफसूफ होऊन थिएटरला लागला. बाबा आता ब्याऐंशीचे. महिन्यापूर्वीच मोतीबिंदू काढला, तोही मी हात धुऊन मागे लागले म्हणून. म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तयारी सगळी माझीच. दुपारच्या खेळाला आम्ही शेजारी शेजारी बसलो. ट्रक चौकीवर आला. फटीत मूठ दिसली, अंगठ्यावरच्या तिळासकट.

बाबांनी माझा हात ओढून चष्म्याजवळ नेला आणि अंगठा निरखून पाहिला.

"मीच होते, बाबा," मी कुजबुजले. "बाई मरू नयेत म्हणून. तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. ट्रक सरहद्दीपार गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

"सातही वेळा मूठ दाखवलीस?"

"सातही वेळा."

"एकदाही चुकली नाहीस?"

"नाही."

"म्हणजे सातही वेळा त्याने ऐकलं." ते इतक्या मोठ्याने बोलले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "ट्रकची घरघर, एवढी माणसं, मी हात उघडून उभा. तरी त्याने ऐकलं गं."

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. मला ते एका शब्दाने रागावले नाहीत. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी ट्रंक उघडायला लावली. मी हातोडी शोधायला निघाले, तर म्हणाले, "कशाला?" फोटोच्या जागेवरचं कॅलेंडर त्यांनी उचललं. जुना खिळा तिथेच होता.