शनिवारचा तिसरा तास

दुसरबीडच्या रस्त्यालगतच्या त्या गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा होती. शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहिलेलं वेळापत्रक होतं. प्रत्येक विषयापुढं शिकवणाऱ्याचं नाव होतं. फक्त शनिवारच्या तिसऱ्या तासाला नुसतं 'चित्रकला' लिहिलेलं, पुढं कोरं. वर्षानुवर्षं कोरं! त्या तासाला पोरं गणितं सोडवत, नाहीतर पटांगण झाडत. पटांगण मात्र चकाचक असायचं, हे खरं.

फाटकासमोर इमामबीचं घर. गाद्या-रजया शिवणारी बाई, वय पन्नाशीच्या पुढं आणि जीभ सुईहून तेज. अंगणात कापड अंथरायचं, दोऱ्याच्या टोकाला खडू बांधायचा आणि गरकन फिरवायचा, की झालं वर्तुळ. दोरा दुमडून त्याचे आठ भाग करायची, म्हणाल तर बारा. पट्टी नाही न् कंपास नाही. शाळेत नव्यानं आलेल्या प्रतीक्षा मॅडमनी हे तीन दिवस फाटकातून पाहिलं आणि चौथ्या दिवशी रस्ता ओलांडला.

"चाची, हे आमच्या पोरांना शिकवाल?"

"मी? अवो मॅडम, मी दुसरीतून शाळा सोडेल बाई. मले माह्यं नाव बी वाचता येत नाही."

"वाचायचं नाहीच आहे. काढायचं आहे."

इमामबी हसली खरी, पण रात्रभर तिच्या मनात तेच घोळत राहिलं. दुसरीत असताना तिनं पाटीवर मोर काढला होता आणि गुरुजींनी तो पुसायला लावला होता. तो मोर तिला अजून आठवत होता.

शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव यांना मात्र हे ऐकून हसू आवरेना. "गादीवाली आता मास्तरीण होणार का?" त्यांची नात छकुली तालुक्याच्या मोठ्या शाळेत. तिथं चित्रकलेला वेगळी खोली, वेगळे सर. दरवर्षी त्या शाळेतली पोरं चित्रकलेच्या सरकारी एलिमेंटरी परीक्षेला बसत. गावच्या शाळेतलं एकही पोर आजवर बसलं नव्हतं.

"छकुलीला जे मिळतं, ते आपल्या उमैमाला, गोविंदाला का नको?" मॅडमनी सरळच विचारलं.

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. "एक साल देतो. त्या परीक्षेत सारे पास झाले, त तास चित्रकलेचा. एक जरी नापास झालं, त तो तास गणिताले. कायमचा."

इमामबी शाळेच्या दारातच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लिहून ठेवा भाऊ," ती म्हणाली, "या शनिवारपासून मी येऊन राह्यली!"

तेरा पोरं तयार झाली. परीक्षेतलं वस्तू समोर ठेवून काढणं आणि आठवणीतून काढणं मॅडमनी पुस्तकं वाचून शिकवायला घेतलं, नक्षीचा पेपर इमामबीकडं. पोरांनी दोरे दुमडले, खडू फिरवले, फरशीभर फुलं आणि वेली काढल्या. एखाद्यानं रेघ वाकडी काढली की ती ओरडायची, "काऊन रे, झोपीत आहे का तुह्या हात?" पोरं खिदळायची आणि रेघ सरळ व्हायची. उमैमाच्या हातात तर जादूच होती.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मॅडमनी तालुक्याच्या एका चित्रकलेच्या सरांना बोलावून नक्षीचा सराव पेपर घेतला. घंटा झाली. सरांनी कागद गोळा केले आणि एकेक करून फरशीवर मांडले.

तेराच्या तेरा कागदांचे काठ असे, की बघत राहावं! आणि मधोमध सगळं कोरं.

रजई काठाकडून शिवत आणतात. एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं करत मधलं फूल सगळ्यात शेवटी. इमामबीनं पोरांना तेच शिकवलं होतं. रजईला घंटा नसते, पेपरला असते. मधल्या फुलापर्यंत एकही पोर पोचलं नव्हतं.

"काम सुंदर आहे बाई," सर हळूच म्हणाले, "पण असा कागद पास होणं अवघड."

इमामबी घरी आली आणि ढसाढसा रडली. 'माह्याच हातानं बुडवले मी लेकरं!' तिनं भाकरीसुद्धा खाल्ली नाही. आता पंधरा दिवसांत तेरा जणांचा हात उलटा वळवायचा तरी कसा?

सकाळी उमैमा दारात. तिच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"चाची, एक इचारू? तुम्ही काठाकडून शिवत येता, मंग मधातला कापूस सरकत नाही का?"

"कसा सरकन वं? पयले मधात कच्चे टाके नाही का घालत आपण..."

आणि इमामबीनं कपाळावर हात मारून घेतला. कच्चे टाके! मधलं फूल आणि चारी कोपरे आधी मोठमोठ्या टाक्यांनी धरून ठेवायचे, मग काठापासून निवांत शिवायचं. पोरं अंगणात रजई बघायला यायच्या आधीच ती ते घालून ठेवायची. जे शेवटी उसवूनच टाकायचं, ते पोरांना काय दाखवायचं, असं तिला वाटलं होतं. खुळी कुठली!

"पळ, बोलाव साऱ्यायले!"

त्या दिवसापासून एकच धोशा. आधी हलक्या पेन्सिलीनं मधलं फूल, तिथून कोपऱ्यांपर्यंत चार रेघा, मगच काठ. "पेन्सिल अशी फिरवा, का कागदाले कळलंच नाही पाहिजे." रंग भरून झाला की कच्च्या रेघा खोडरबरनं उसवायच्या. पोरं मॅडमच्या घड्याळावर रोज एक कागद पुरा करू लागली.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याच्या शाळेबाहेर इमामबी लिंबाखाली बसून होती. छकुलीला सोडायला आलेले उकंडराव गाडीला टेकून उभे होते. "काय इमामबी, होईन का?" "घंटी होऊ द्या भाऊ," ती म्हणाली. नजर मात्र फाटकावरून हलत नव्हती तिची.

घंटा झाली. सगळ्यांच्या आधी उमैमा धावत आली, कोपरापर्यंत रंगानं माखलेली.

"भरलं चाची! मधात भरलं! घंटीच्या आधी!"

मागून गोविंदा, त्याच्या मागं बाकीचे, सगळे एकदम बोलत होते. इमामबीनं एकेकाला धरून विचारलं. तेरा वेळा तेच उत्तर आलं.

निकाल हिवाळ्यात लागला. तेरापैकी तेरा पास. उमैमा आणि गोविंदाला ए श्रेणी! छकुलीला सी. गावात ढोल वाजला, आणि तो कुणी सांगितला हे कुणालाच कळलं नाही. इमामबीला माहीत होतं, तिनंच सांगितला होता.

शनिवारी उकंडराव शाळेत आले, छकुलीचा हात धरून. "सुट्टीच्या दिवशी इले बी बसवान का तुमच्यात?" आवाज एकदम मऊ.

इमामबीनं छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "लेकरू आहे, बसन ना. पण भाऊ, आधी एक काम. मॅडमनं भिंतीवर नवं काहीतरी लिवलं म्हणतात. मले वाचता येत नाही. तुम्ही वाचा बरं."

उकंडरावांनी चष्मा लावला. घसा खाकरला. "शनिवार. तिसरा तास. चित्रकला." मग चष्मा नीट करून, "शिक्षिका, इमामबी."

"मोठ्यानं वाचा भाऊ! मागच्या पोरायले ऐकू नाही आलं."

उकंडरावांनी पुन्हा वाचलं, चांगल्या खड्या आवाजात. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. इमामबीनं पदरानं डोळे पुसले, त्या रंगवलेल्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि वळून म्हणाली, "बस झालं आता. दोरे काढा, तास सुरू झाला."