सातव्या रांगेतली खुर्ची

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. चाळीस वर्षं मी चीज विकलं, तेही कॅथेड्रलच्या दारासमोर. पण माझी भाची अपोलीन म्हणाली, "मावशी, वर ऑर्गनपाशी बसून मला नुसती खटखट ऐकू येते. खाली काय पोचतं ते तूच सांग." म्हणून सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, रिकाम्या कॅथेड्रलात, मी गारठलेले पाय चोळत सातव्या रांगेत बसले.

दुसऱ्या दिवशी तिची कसोटी होती. जुने वादक निवृत्त झाल्यापासून फादर ओदिलोंनी तिघांना वाजवायला बसवून पाहिलं होतं. तिन्ही वेळा मिस्सेची प्रार्थना संपली, शेवटची रचना सुरू झाली आणि गावाने जेवणाकडे धूम ठोकली. फादर म्हणाले, "लोक ज्याच्यासाठी थांबतील, त्याला नोकरी." नाहीतर अपोलीन परत लिआँला, नाचाच्या वर्गात पियानो बडवायला. तिथून आलेली असते तेव्हा तिचं तोंड कसं असतं ते मी पाहिलंय. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

तर तिने तोकाता धरली. धावती रचना, बोटांना उसंत नाही. वर झकास वाजत असेल, खाली नुसता काला. आमच्या छपराखाली एक सूर विरायला सात-आठ सेकंद घेतो, तोवर त्याच्या उरावर दुसरे दहा. मी हात बाजूला काढून खाली दाबला. ती वर पाठमोरी वाजवते, पण तिच्या डोक्यावरच्या आरशात ही खुर्ची दिसते. ती हळू झाली. मी पुन्हा दाबला, ती आणखी हळू झाली. मग सूर सुटे झाले, तेव्हा मी हात मांडीवर ठेवला. हळू आणि ठीक, एवढ्या दोनच खुणा आमच्या ठरल्या.

सणाला गाव लोकरीचे जाड कोट घालून आलं. मांड्यांवर शेवंतीच्या कुंड्या, कारण तिथून कबरस्तानात जायचं. मिस्सा संपली, तोकाता सुरू झाली. कोटांनी सगळा घुमारा पिऊन टाकला होता. कालचे सुटे सूर आज एकेकटे लंगडत येत होते. अक्कल माझीच पाजळलेली. शेजारचा खाटीक गोंत्रां कोटाची बटणं लावत म्हणाला, "बेर्तीय, भाची झोपली काय गं?" पुढच्या चार बायका कुंड्या उचलून उभ्या राहिल्या. फादर वेदीपाशी उभे राहून बघत होते.

जलद वाजव, याला आमच्याकडे खूणच नव्हती.

ऑर्गन आमच्या पाठीमागे, मोठ्या दाराच्या वर. त्याच्याकडे तोंड करून इथे कुणी कधी बसत नाही. मी उठले, खुर्ची खर्रकन फिरवून बसले, डाव्या हातात नसलेलं भांडं धरलं आणि उजव्या हाताने घुसळायला लागले. मेयोनेज करताना लहानपणापासून मी तिला अशीच दटावत आलेय, "हात चालव, अगं हात चालव."

"हिला आधी डॉक्टरकडे न्या," गोंत्रां म्हणाला.

आणि वर तिला समजलं. तोकाता उधळली. खालचे जाड सूर फरशीतून खुर्चीत आणि खुर्चीतून माझ्या पाठीत चढले, गोंत्रांच्या शेवंतीची पानं थरथरली. मी घुसळायचं विसरले. इतका आनंद झाला की रडू आलं, आणि मी काही रडणारी बाई नाही.

गोंत्रांचा हात बटणावरच राहिला. "एवढं काय बघतेस, बघू तरी," म्हणत त्याने खुर्ची फिरवली. मग त्या चार बायका बसल्या, तशाच उलट्या. मग रांगेमागून रांग खरखरत वळली. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही.

अपोलीन खाली आली, घामाने निथळत. "मावशी, दोन सूर चुकले."

"कुणाच्या बापाला कळतंय."

"आरशात एरवी नुसत्या माना दिसतात. आज एकदम सगळ्यांची तोंडं दिसली गं."

तेवढ्यात फादर आले, चेहरा गंभीर. "मादाम बेर्तीय, आज चारशे माणसांनी वेदीकडे पाठ केली."

मी भांडायला बाह्या सरसावणार होते. "पोरीला काही बोलू नका, दोष माझा."

"पुढच्या रविवारी निदान शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत तरी त्यांना आवरा," ते म्हणाले. मग खिशातून ऑर्गनच्या जिन्याची किल्ली काढून त्यांनी अपोलीनपुढे धरली. ती अजून घाम पुसत होती, म्हणून किल्ली मीच घेतली.