पायरीखालचा खुळखुळ्या

वहिनी ऑर्लीन लबक शहरात लेकीकडे राहायला गेली, तर क्लेटसला पवनचक्कीची विहीर मिळणार होती, विहिरीभोवतीचं कुरण मिळणार होतं, वर भावाच्या विधवेची सोय लावल्याचं नाव चर्चमध्ये होणार होतं. एवढ्यासाठी फेब्रुवारीपासून दर रविवारी तो ऑर्लीनच्या ओसरीवर येई आणि एकच विषय काढी: साप.

"पायरीखाली खुळखुळ्या साप पोसतं का कुणी, वहिनी?"

"पोसत नाही. राहतो तो."

पायरी तिच्या नवऱ्याने, ड्युएलने बांधली होती आणि तिच्याखालचा साप त्यानेच राहू दिला होता. रोज सकाळी दार उघडलं की खाली शेपटीचा खुळखुळा वाजायचा. वाजतोय तोवर कुठे आहे ते कळतं, असं ड्युएल म्हणायचा. मग ड्युएल गेला. ऑर्लीनला रडू आलं नाही, भूकही लागेना. आवाज ऐकायचा, पायरी ओलांडून पाय लांब टाकायचा, मोझी कुत्रीचं वाडगं भरायचं. एवढ्यावर दिवस सुरू होई. बाकीचा आपोआप संपे.

मे महिन्यातल्या एका रविवारी क्लेटस फावडं घेऊनच आला. त्याने पायरीखाली पेट्रोल ओतलं. साप बाहेर आला, तसं एका घावात डोकं उडवलं.

"डोकं आधी पूर," ऑर्लीन दारातून म्हणाली. तुटलेलं डोकंही तासभर चावतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"पुरतो गं! आधी हे मोज तरी. तेरा कड्या!" त्याने खुळखुळा कापून तिच्या कानाशी वाजवला. "टोपीत खोवणार बघ."

तेवढ्यात मोझीने डोकं हुंगलं.

गुरांचा डॉक्टर दोन तासांवर. अर्ध्या वाटेत, क्लेटसच्याच गाडीत, मोझी ऑर्लीनच्या मांडीवर गेली. क्लेटसने गाडी कडेला घेतली.

"बघितलंस? ही जागा एकट्या बाईची नाही. लेकीकडे जा."

"कशाला? साप तर तूच मारलास."

क्लेटसने गाडी माघारी वळवली. चार महिने जपलेलं एकुलतं कारण त्याने स्वतःच्या फावड्याने छाटलं होतं.

घरी येऊन तिने दोन खड्डे खणले. डोक्याचा आधी.

सोमवारी दार उघडलं. काही वाजलं नाही. तरी तिने पाय लांबच टाकला, वाडगं भरून ठेवलं आणि ऊन अंगावर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

क्लेटसला तेरा कड्या मिळाल्या. ऑर्लीनकडे घर राहिलं. साप जिवानिशी गेला, पण त्याने रोज वाजवून सांगितलं होतं. किंमत मोजली ती मोझीने, जिला यातलं काहीच नको होतं.