केराबाईच्या घरची संगीन

सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीत रेवणसिद्धनं बत्तीस वर्षं लेथ चालवला. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या संगिनींचा नाद लागला. बंदुकीच्या तोंडाशी बसवायची अशी चौदा पाती त्यानं जमवली होती. प्रत्येकीचं साल आणि कारखाना त्याला तोंडपाठ.

घोंगड्या विकायला शहरात येणारा धुळा एकदा सहज बोलून गेला, "आप्पा, आमच्या घरी बी हाय की एक. पणज्याला सरकारनं बक्षीस दिल्याली." दुसऱ्याच दिवशी रेवणसिद्धनं मोहोळची एसटी धरली.

धुळ्याच्या आईनं, केराबाईनं, देव्हाऱ्यामागून संगीन काढून त्याच्यापुढं ठेवली. दसऱ्याला तेलाचं बोट लावून ती पुजली जायची. रेवणसिद्धनं टेप लावला. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी संगिनीचं पातं सतरा इंचांचं. हिचं साडेवीस भरलं. मुठीजवळच्या आडपट्टीवर त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला, तसे काजळीतून आकडे वर आले. उर्दूत लिहितात तसले.

"आक्का, ही सरकारची न्हाई. तुर्की फौजेची आहे. आपली माणसं ज्यांच्याशी लढली, त्यांची."

धुळ्याचा चेहरा पडला. केराबाई मात्र शांतपणे म्हणाली, "म्हातारा कवाच बक्षीस म्हनला न्हाय. लोकंच म्हनायची."

कधीकधी मुठीच्या लाकडाआड कारखान्याचा शिक्का सापडतो. केराबाईला विचारून त्यानं स्क्रूंना तेल सोडलं. चहा झाला, पुन्हा तेल झालं, तेव्हा कुठं ते हलले. लाकूड सुटलं. आत शिक्का नव्हता. लाकडाच्या आतल्या बाजूला, त्याच लिपीत, टोकदार कशानं तरी कोरलेले तीन शब्द होते.

त्यानं फोटो काढून शकुराबींना पाठवला. त्या त्याच्या शेजारच्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

"बीचका लफ्ज, 'ओग्लू' सरीखा कुछ, हमारी उर्दू का नै, रेवणभाई. पयला इब्राहीम, आखिर में हसन."

मधला शब्द रेवणसिद्धनं पुस्तकांत वाचलेला होता. तुर्कीत ओग्लू म्हणजे मुलगा. "इब्राहीमचा मुलगा हसन," तो स्वतःशीच म्हणाला.

केराबाईनं कपबशी खाली ठेवली. "काय म्हनला? हसन?"

"व्हय. ज्याची संगीन, त्याचं नाव."

ती भिंतीला टेकून बसली. मग सांगू लागली. "मी लगीन होऊन आले, तवा माझा आजेसासरा जित्ता व्हता. गुंडा त्येचं नाव. लढाईत बसऱ्याला गेल्याला, खेचरं हाकाय. दरसाल मोहरमाला मलिदा वाटायचा, 'हसनच्या नावानं घ्या' म्हनायचा. आमाला वाटायचं, पिराचा हसन. एकदा मी इचारलं, 'आन् हुसेनचं नाव का घेत न्हाय?' तर म्हनला, 'त्येला मी कुटं वळखतो?'"

बाहेर मेंढरं ओरडत होती.

"त्यांना लिहा-वाचायला येत होतं?" रेवणसिद्धनं विचारलं.

"छ्या! अंगठाच करायचा. आन् ही अक्षरं तर गावच्या पंतोजीला बी लागली नसती."

म्हणजे ते नाव गुंडानं वाचलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. त्या माणसाच्याच तोंडून, कधीतरी, त्या परमुलखात. कैदी म्हणून भेटला, जखमी होऊन पडला होता, की आपण होऊन त्यानं संगीन हातात ठेवली? ते सांगणारी खूण लोखंडावर नसते. रेवणसिद्ध त्या तीन शब्दांकडं बघत राहिला. संगीन विकत मागायची म्हणून तो आला होता. लाकूड होतं तसं बसवून त्यानं स्क्रू आवळले आणि दोन्ही हातांनी ती केराबाईला परत दिली.

पुढच्या रविवारी शकुराबी हट्टानं त्याच्याबरोबर आल्या. त्यांना ती अक्षरं डोळ्यांनी पाहायची होती. रेवणसिद्धनं पुन्हा मूठ उघडून दिली. बाईंनी लाकूड दारातल्या उजेडाला धरलं, चष्मा कपाळावर सारला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"खिळेसे कोरेला दिखता," अखेर त्या म्हणाल्या, "फिर भी ये पयला अक्षर, अलिफ, देखो, कित्ता सीधा. पढ्यालिख्या था ये बच्चा."

"त्यातलं अलिफ कुटलं?" केराबाईनं विचारलं, आणि ती बघायला पुढं सरकली.