टेबलावर ठणठणीत

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, काउंटर क्रमांक तीन. काउंटरवर एक सीलबंद खोकं, त्यावर 'नवीन बदली वस्तू' अशी छापील चिठ्ठी. खोक्याच्या आत मी.

मी मनगटी घड्याळ बोलतोय. ती चिठ्ठी खोटी आहे, हे आधी सांगून टाकतो. मी नवीन नाही. मी दोन हातांवरून उतरलेला आहे आणि दोन्ही हातांना मी दगा दिलाय. मला बदलून देणाऱ्यांना हे माहीत होतं. निदान माहीत असायला हवं होतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर एकच काम करायची. तांदळाच्या दाण्याएवढी मोटर माझ्यासारख्यांच्या पोटात बसवायची आणि तिला वीज पोचवणारी धातूची पातळशी पत्री टेकवायची. मोटर फिरली की मी थरथरतो. माझी पत्री बसवताना मागून कोणीतरी म्हणालं, "हात चालव, तासाचा आकडा भरायचाय." तिने हात चालवला. पत्री केसभर वाकडी बसली. त्या बाईला मी दोष देत नाही. तिला आकडा देणाऱ्याला देतो.

वाकड्या पत्रीची खोड अशी, की मी गार असलो की ती मोटरला टेकते. माणसाच्या कातडीची ऊब अर्धा तास लागली की ती उचलली जाते. मग पडद्यावर 'सूचना दिली' अशी अक्षरं उमटतात, आणि हाताला काहीही कळत नाही.

माझा पहिला मालक तलावाच्या काठावर उभा राहून पोहायला शिकवायचा. पोरांच्या गलक्यात वेळ संपल्याची घंटा ऐकू येत नाही, ठरल्या वेळी थरथरणारं काहीतरी हवं म्हणून त्याने मला घेतलं. आठवड्याभरात त्याने मला हातातून ओरबाडून काढलं. "याच्यापेक्षा दोरा बांधलेला बरा," असं म्हणून त्याने मला कंपनीकडे परत पाठवलं.

तिथली तपासणी ऐका. एक टेबल, वर भणभणणारा एसी, घड्याळ तबकडीत ठेवायचं, पाच मिनिटं चालवून बघायचं. मी गार पडलेला, त्यामुळे छान थरथरलो. तपासणाऱ्याने शिक्का मारला: 'दोष आढळला नाही.' घड्याळ हातावर घालायचं असतं, हे त्या खोलीत कोणालाच सुचलं नव्हतं. मला पुसलं, नवा पट्टा लावला, पाठीवर नवा क्रमांक चिकटवला आणि एका ट्रेमध्ये टाकलं. त्या ट्रेमध्ये माझ्यासारखे आणखी सतरा होते. सगळे निर्दोष.

तिथून मी वहिनीकडे आलो.

तिची नणंद वरच्या मजल्यावर राहते आणि जिन्यावरूनच "वहिनी" अशी हाक मारते, म्हणून माझ्यासाठीही ती वहिनीच. हाक मारून उपयोग नसतो हे नणंदेला माहीत आहे, पण सवय जात नाही. एकोणिसाव्या वर्षी तापात वहिनीचे दोन्ही कान गेले. बोलणं शाबूत आहे, जरा सपाट आणि मोठ्याने. समोरच्याचे ओठ वाचून ती सगळं समजून घेते. घरातल्या पुढच्या खोलीत ती पुस्तकं बांधते. नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने बाहेर. मागच्या खोलीत कठड्याच्या छोट्या पलंगात आठ महिन्यांची ठमी.

वहिनीची पद्धत साधी होती. दर दहा मिनिटांनी हातातलं काम ठेवायचं, हात पुसायचे, मागे जाऊन ठमीला बघून यायचं. मग तिने जाहिरात पाहिली. पलंगाला लावायची एक डबी आणि हातावर घड्याळ; बाळ रडलं की डबी ऐकणार, घड्याळ थरथरणार. खास ऐकू न येणाऱ्या आयांसाठी. तिने घेतलेल्या पहिल्या घड्याळाचा पडदा दोन महिन्यांत काळा पडला, आणि हमीच्या मुदतीत होतं म्हणून बदली पाठवला गेलो तो मी.

खोकं उघडल्यावर वहिनीने मला नाकाशी धरलं.

"याला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय," ती नणंदेला म्हणाली. "नव्या वस्तूला दुसऱ्याच्या घरचा वास कसा?"

"अगं, असेल खोक्याचा वास."

पुस्तक बांधणारे प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, पाठीवर एक काळी रेघ ओढतात, एकाखाली एक. सगळे फर्मे रचले की रेघांचा जिना दिसतो. एखादा फर्मा गळला किंवा दुसऱ्याच पुस्तकातला घुसला, तर जिन्याची पायरी चुकते. वहिनीने बारीक ब्रश घेतला आणि पट्टा जिथे अडकतो त्या खाचेत मला तशीच एक रेघ ओढली. "असू दे. आपल्या जिन्यातली पायरी आपल्याला ओळखता आली पाहिजे."

पहिले दोन दिवस ती अधूनमधून मला घालायची, काढून टेबलावर ठेवायची. मी तापायची वेळच येत नव्हती, त्यामुळे ठमी रडली की मी थरथरायचो. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आधीचं घड्याळ बंद पडल्यापासून पुन्हा धरलेली दर दहा मिनिटांनी उठायची सवय सोडली. तिची चूक एवढीच.

त्या सकाळी ती जाड ग्रंथाची शिलाई करत होती. अकरा वाजून सहा मिनिटांनी ठमीचा हात कठड्याच्या दोन गजांमध्ये अडकला. डबीने ऐकलं. मला कळवलं. मी पडद्यावर अक्षरं उमटवली, पण पत्री केव्हाच उचलली गेली होती. वहिनीची बाही पडद्यावर होती. ती टाके घालत राहिली. माझ्यापासून एका भिंतीपलीकडे ते लेकरू रडून रडून निळं पडत होतं. मी अकरा वेळा 'सूचना दिली' असं लिहिलं. अकरा चव्वेचाळीसला नणंद जिना उतरली आणि किंचाळत आत धावली.

हात मोडला नव्हता. मनगट सुजलं होतं, आवाज बसला होता. वहिनीने त्या रात्रीपासून पुन्हा दर दहा मिनिटांचा नियम धरला, आणि दुसऱ्या दिवशी मला घालून, काढून, फ्रिजवर ठेवून, मुठीत धरून पाहिलं. संध्याकाळी नणंदेला म्हणाली, "हे गरम झालं की मरतं. बांधणीच्या सरसासारखं आहे. गार असताना एक वागतं, गरम झाल्यावर दुसरं."

नणंदेने कंपनीला फोन लावला.

"ज्यांच्या नावावर घड्याळ आहे त्यांनी स्वतः बोलावं लागेल."

"तिला ऐकू येत नाही हो."

"मॅडम, नियम आहे. ग्राहकाचा आवाज नोंदवल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही."

"ऐकू येत असतं तर तुमचं हे घड्याळ कशाला घेतलं असतं? शोभेला?"

"मी आपली अडचण समजू शकते. आणखी काही मदत हवी आहे का?"

"आधी पहिली तरी करा."

चौथ्या फोनला नणंदेने वहिनीला फोनसमोर उभं केलं आणि तिच्या पाठीवर टिचक्या मारून कधी बोलायचं ते सांगितलं. तक्रार पुढे गेली. कंपनीने मला मागवून घेतलं. पुन्हा एसी, पुन्हा तबकडी, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा पुसणं आणि नवा क्रमांक. आणि तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं: 'घड्याळाच्या नोंदीनुसार सदर वेळी ग्राहकास अकरा सूचना देण्यात आल्या. त्याकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसते. तरीही सद्भावना म्हणून नवीन घड्याळ देण्यात येत आहे.'

आपला माल वाकडा, आणि बोट आईकडे. मी पुष्कळ निर्लज्ज कागद पाहिलेत, पण इतका गुळगुळीत नाही.

ते पत्र गावाहून आलेल्या सासूबाईंनी वाचलं. बाई वाईट नाहीत, पण छापील अक्षरावर त्यांची श्रद्धा. म्हणाल्या, "माणूस विसरतं, यंत्र कशाला खोटं लिहील? ठमी माझ्याकडे राहील. तू सुट्टीच्या दिवशी येत जा भेटायला." वहिनीने त्यांचे ओठ वाचले आणि मान खाली घातली. मान खाली घातली की बोलणं संपतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून त्या दुपारी काउंटरपुढे तिघी होत्या. वहिनी, तिच्या खांद्यावर ठमी, आणि सासूबाई. सासूबाईंच्या पायाशी ठमीच्या कपड्यांची बॅग. पाचची बस होती. वहिनीनेच हट्ट धरला होता, की आधी इथे यायचं, मग बस.

काउंटरवरच्या बाईने खोकं फोडलं, मला वहिनीने सोबत आणलेल्या डबीशी जोडलं, डबीवर टकटक केली. मी थरथरलो. "बघा, एकदम छान. इथे सही करा."

वहिनीने पट्टा काढला आणि खाच उजेडाकडे धरली. माझी काळी रेघ तिथेच होती. मला दोनदा पुसणाऱ्यांनी एकदाही खाचेत पाहिलं नव्हतं.

"हे माझंच आहे," वहिनी म्हणाली. "नवीन नाही. तेच परत दिलंय."

"मॅडम, क्रमांक वेगळा आहे."

"क्रमांक तुम्ही चिकटवलाय. रेघ मी ओढलीय."

"साहेब जेवायला गेलेत. ते आले की बघतील."

वहिनी सासूबाईंकडे वळली. "आई, साहेब येईपर्यंत हे तुमच्या हातात घाला. घट्ट. आणि काढू नका."

"मला कशाला?"

"घाला म्हणते ना."

दोन पन्नासला त्यांनी मला घातलं. त्यांचा हात उबदार होता. तीन वाजले, सव्वातीन वाजले. साहेबांचं जेवण चालूच होतं. पत्री उचलली गेली ते मला आतून कळलं. तीन चोवीसला ठमीला भूक लागली आणि तिने भोकाड पसरलं. डबी काउंटरवरच होती.

"आई, हाताला काही कळलं?"

"नाही."

"बाही वर करा."

सासूबाईंनी बाही वर केली. पडद्यावर होतं: 'सूचना दिली. ३.२४.' ठमी रडतच होती. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी ओळ उमटली: 'सूचना दिली. ३.२७.' त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा माझ्यावर दाबून धरला. मी मढ्यासारखा गप्प.

मग पिशवीतून फोन काढून त्यांनी माझा फोटो घेतला.

साहेब दात कोरत आले. सगळं ऐकून म्हणाले, "हातावर घालून तपासणं आमच्या पद्धतीत बसत नाही. ठेवून जा, टेबलावर बघून कळवतो."

"टेबलाला लेकरू आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्ही शांत व्हा."

"मी शांतच आहे. तुमच्या पत्रावरून सुनेला बोल लावला मी. आता तुम्ही दुसरं पत्र द्या, की आमचं चुकलं. मग उठते." असं म्हणून त्यांनी ठमीच्या कपड्यांची बॅग काउंटरपुढे आडवी टाकली आणि तिच्यावर बसल्या.

साहेबांनी नवं खोकं देऊ केलं. वहिनीने त्यातल्या घड्याळाचा वास घेतला आणि परत सरकवलं. "हे कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलंय." सहा वाजता शटर अर्धं खाली आलं तेव्हा त्या उठल्या. पत्र मिळालं नव्हतं. पाचची बस गेली होती. सेंटरचा जिना उतरताना सासूबाई वहिनीच्या समोर आल्या, ओठ नीट दिसावेत असं तोंड धरून म्हणाल्या, "ठमी तुझ्याकडेच राहील. मीच राहते चार दिवस. दहा मिनिटांनी उठायचं काम मला दे."

वहिनीने मला परत केलं नाही. तिने माझ्यासाठी पुठ्ठ्याची पेटी बांधली, वरून कापड, आत कंपनीचं पत्र आणि त्या फोटोची छापील प्रत. मी आता पुढच्या खोलीतल्या फळीवर असतो, गार आणि ठणठणीत. वापराविना पडून राहणं वस्तूच्या नशिबी वाईट म्हणतात. मला चालेल. मी पुरावा आहे.

तुमच्या हातावर बदलून आलेलं घड्याळ असेल तर त्याला टेबलावर तपासू नका. अर्धा तास घालून बसा, मग तपासा. त्या ट्रेमधले सतरा कुठेतरी गेलेच आहेत.

वहिनीने कंपनीला तीन पत्रं पाठवली, पोचपावतीसह. तिन्हींत एकच प्रश्न आहे. सकाळी अकरा सहा ते अकरा चव्वेचाळीस, या अडतीस मिनिटांत अकरा सूचना दिल्या, तर त्या कोणाला दिल्या? तिन्ही पोचपावत्या परत आल्या आहेत, सहीशिक्क्यासह. उत्तर आलेलं नाही.